ऑइल पंप निर्दोष आहे, आत्या

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. तो दोन्ही हात जोडून करायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे, पण हात इतके बरबटलेत की जोडले तर सुटायचे नाहीत, म्हणून या खेपेला नुसत्या मानेवर भागव. रॉकेल झालं, साबण झाला, बायकोचा धीरही संपला, तरी नखं काळी ती काळीच. कागदाच्या कडेला अंगठा उमटलेला दिसेल, त्याबद्दल रागावू नकोस. इकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य पटकन वाचून पुढे जा.) आईचे गुडघे होते तसेच आहेत, जीभही होती तशीच आहे. बायको दूध तपासायच्या प्रयोगशाळेतून अजूनही घरी आल्या आल्या आपल्या दुधाकडे संशयाने बघते. माझं पाणीपुरवठा खात्यातलं काम सुरळीत चाललं आहे, म्हणजे लोकांकडे पाणी येत नाही आणि ते खिडकीशी येऊन मला तसं सांगतात.

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण तू 'उत्तम' असं लिहिशील आणि पाठोपाठ ताईचं पत्र येईल त्यात भलतंच असेल. तुझी लेक तुझ्यावर गेलेली नाही, काही लपवत नाही. ती लिहिते की खुब्याचं हाड छान जुळलं, डॉक्टर खूश आहेत, त्यांनी रोज वॉकर धरून चालायला सांगितलंय, आणि तू तो वॉकर खिडकीशी लावून त्यावर टॉवेल वाळत घालतेस. डॉक्टरांनी कारण विचारलं तर म्हणालीस म्हणे, 'चालून जायचंय कुठे?' आत्या, गुरांची डॉक्टर म्हणून जन्मभर तू बसकण मारलेल्या गाईंना शेपट्या पिरगाळून उभं केलंस. एकीलाही तू कधी विचारलं नाहीस की बाई, तुला उठून जायचंय कुठे. आता स्वतःवर वेळ आली तेव्हा हा असा प्रश्न! (शेपटी नाही याचा फायदा घेऊ नकोस.) आणि पडलीस ती तरी कुठे? डोंगरातल्या वाटांवर त्या जुन्या फोर-व्हीलमधून रात्री-अपरात्री गुरांच्या बाळंतपणाला गेलीस तेव्हा खरचटलंसुद्धा नाही. पडलीस ती आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून, बल्ब बदलताना, आणि ताईने तुला आपल्या घरी नेलं. आई ते स्टूल अजून वापरत नाही, आणि कुणाला टाकूही देत नाही.

असो. मुद्दा तुझ्या मागच्या पत्राचा. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून तू लिहितेस (ताई म्हणते, नको असतं तेवढंच ऐकू येत नाही), आणि लिहितेस ते दोन ओळी. 'गाडी विकून टाक. मला आता लागणार नाही.' पहिली ओळ मी जेवताना मोठ्याने वाचली आणि दुसरी वाचता वाचता थांबलो, पण तोवर आईने कागद ओढून घेतला होता. गाडी लागणार नाही याचा अर्थ तू परत येणार नाहीस, एवढं कळायला कुणाला चष्मा लागला नाही. बाबा गेल्यावर तू मागच्या खोलीत राहायला आलीस ती थोडे दिवस म्हणून, तुझी पेटी आणि ही गाडी घेऊन. थोडे दिवस म्हणता म्हणता तुझ्याशिवाय आम्हाला घर ओळखू येईनासं झालं, हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच, 'मग माझ्या खोलीचं छत का गळतं?' असं विचारलं असतंस.

तरी तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही असं कधी झालंय का? (झालंय, पण ते सगळं आत्ता उकरून काढू नकोस.) मी गिऱ्हाईक शोधायला लागलो. बायको म्हणाली, 'तुमच्या आत्याची गाडी आहे, तुम्ही बघा.' हे वाक्य ती म्हणते तेव्हा मी काहीएक बघू नये अशी तिची इच्छा असते. आई उठली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. गिऱ्हाईक मात्र मिळालं. गावाबाहेरच्या चढावर त्याची रोपवाटिका आहे, झाडं आणि खताची पोती वर न्यायला त्याला चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. तो आला तेव्हा त्याला नावं ठेवायची आम्ही तिघांनी मनातल्या मनात पूर्ण तयारी केली होती, पण माणूस भला निघाला, ही खरी पंचाईत. त्याने बॉनेटवरून हात फिरवला तो गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. डाव्या दाराचा पोचा बैलाच्या शिंगाचा आहे हे कळल्यावर म्हणाला, तो तसाच ठेवू या. आईने त्याला बिनसाखरेचा चहा दिला. साखर संपली म्हणाली, डबा तर माझ्यासमोर भरलेला होता. त्याने तो चहासुद्धा छान झालाय असं म्हणून प्यायला. अशा माणसाचं काय करायचं?

मग गाडी फिरवून दाखवायची ठरली. मी चालवायला, तो शेजारी, आणि आई हट्टाने मागे. गाडीत बसलं की कंबर मोडते म्हणणारी आई त्या दिवशी आपणहून चढली. सुरुवात झकास झाली. इंजिन एका हाकेत सुरू झालं, ऑइलच्या दाबाची सुई मधोमध जाऊन उभी राहिली, आणि मी तुझ्याच थाटात कोपर खिडकीबाहेर काढून निघालो. पाण्याच्या टाकीकडचा चढ लागला, इंजिन तापलं, आणि सुई थरथरायला लागली. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि ती सरळ शून्यावर जाऊन आडवी झाली. इंजिनात टकटक सुरू झाली. तू मला गाडी शिकवताना सांगितलं होतंस की वेगाची सुई खोटं बोलली तरी खपवून घे, पण ऑइलची सुई पडली तर पुढच्या वळणापर्यंतसुद्धा जायचं नाही, जागच्या जागी बंद करायची, कारण ऑइलशिवाय फिरणारं इंजिन स्वतःलाच खातं. मी भर चढावर, भर रस्त्यात इंजिन बंद केलं. मागे एक पावाची गाडी होती. तिच्या चालकाने माझ्याबद्दल जे मत दिलं ते तू ऐकलं असतंस तर त्याला उतरवून घेतलं असतंस.

थोड्या वेळाने पुन्हा सुरू करून पाहिली. सुई आली, उभी राहिली, नाचली, पडली. तेवढ्यात मागून आईचा खोल गेलेला आवाज आला, 'पंप गेला वाटतं.' आत्या, जी बाई आजवर इंजिनाला 'ते पुढचं' म्हणत आली तिच्या तोंडून पंप हा शब्द ऐकून मी मागे वळून पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. रोपवाटिकावाल्याचा चेहरा उतरला. पण पळून जाण्याऐवजी त्याने उतरून गाडी ढकलून कडेला लावायला मदत केली आणि म्हणाला, 'दुरुस्त झाली की कळवा. मी थांबतो. अशी गाडी दुसरी मिळायची नाही.' मी त्याचे आभार मानले, आणि मनातून मला तो अजिबात आवडला नाही.

गाडी ओढून अंगणात आणली आणि मिस्त्रीला बोलावलं. तोच तो, ज्याच्या कुत्रीचं अवघड बाळंतपण तू त्याच्या गॅरेजमध्ये केलं होतंस आणि जो तेव्हापासून आपल्या गाडीकडे नातेवाइकासारखा येतो. त्याची पद्धत तुला माहीत आहे. तो निकाल आधी देतो, पुरावा नंतर शोधतो, आणि पुरावा जुळला नाही तर पुराव्यावर चिडतो. फाटकातूनच त्याने निकाल दिला की इंजिनाला काही झालेलं नाही, सुईच खोटं बोलते आहे. म्हणून इंजिनावरचं जे बटण दाबाची खबर सुईला कळवतं ते बदललं. सुई पडली. वायर बदलली. सुई पडली. मग त्याने स्वतःची गोल तबकडीची सुई आणली, पितळी नळीने थेट इंजिनाला जोडली आणि आम्हाला म्हणाला, 'ही बघा, ही माझ्या वडिलांच्या वेळची आहे, ही खोटं बोलत नाही.' इंजिन तापल्यावर तीही पडली. त्याने तिला दोन टिचक्या मारल्या, मग तिच्याशी अबोला धरला. मग फिल्टर बदलून झाला. शेवटी त्याने डोक्यावरची टोपी काढली, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, 'वहिनी, पंप गेला.' (असल्या बातम्या तो नेहमी माझ्या बायकोला देतो. माझ्यावर त्याचा विश्वास नाही.)

आता घरात अशी समजूत आहे की मी पाणीपुरवठ्यात आहे म्हणजे मला पंप कळतात. मला पंपांच्या तक्रारी कळतात, पंप नाही. पण या निमित्ताने शिकलो. तुला यातलं सगळं येतं, तरी मला आत्ताच कळलंय म्हणून सांगू दे. इंजिनाच्या तळाशी चेंबर असतो, त्यात ऑइल साठलेलं असतं, आणि त्या ऑइलमध्ये नाक बुडवून हा पंप बसलेला असतो. आत दोन दातेरी चक्रं एकमेकांत अडकून फिरतात, जाळीतून ऑइल वर ओढतात आणि इंजिनाच्या सांध्यासांध्यात पोचवतात. ना दिसायचा, ना आवाज करायचा, ना कुणी त्याचं नाव घ्यायचं. तो थांबला की मात्र सगळं थांबतं. (हे ऐकून बायको म्हणाली, 'म्हणजे मी.' आई म्हणाली, 'म्हणजे मी.' मी घाईने गाडीखाली डोकावलो.)

तिथवर पोचायचं तर चेंबर उतरवायचा, आणि पुढचीही चाकं ओढणारी गाडी असल्यामुळे त्याच्या वाटेत पुढच्या चाकांना जोडणारा जाडजूड आस आडवा येतो. म्हणून गाडीचं पुढचं अंग जॅकवर उचलून, खाली लाकडाचे ठोकळे लावून, चाकं लोंबती ठेवून मिस्त्री पाठीवर आत सरकला. नेहमीचं घमेलं खाली ठेवून त्याने चेंबरचं बूच काढलं. ऑइल आलं. येत राहिलं. घमेलं भरलं तसं तो आतून ओरडला, 'बादली!' बादली दिली. ती भरली. 'अजून काहीतरी!' बायकोने कपडे भिजवायचा टब दिला. तोही अर्धा झाला तेव्हा आई आतून तिचं सगळ्यात मोठं पातेलं घेऊन आली. तिने ते आपणहून दिलं याचं मला तेव्हाही नवल वाटलं, कारण त्या पातेल्यात मला कधी पाणीसुद्धा तापवता आलेलं नाही. इंजिन आहे की विहीर, असं मी म्हटलं, पण हसलं कुणी नाही. सगळे त्या टबाकडे बघत होते.

बायको खाली वाकली आणि प्रयोगशाळेतल्या चेहऱ्याने म्हणाली, 'हे फेसाळलंय.' खरंच, ऑइल काळं असायचं ते कॉफीसारखं झालं होतं, आणि वर बुडबुडे. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, त्याने टब, बादली, घमेलं आणि पातेलं यांच्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, 'एवढं ऑइल घातलं कुणी?'

आत्या, आधी मी माझ्या पायांकडे पाहिलं. मग मी चपलांच्या कपाटामागून माझा ऑइलचा डबा काढून आणला. तू ताईकडे गेल्यापासून दर रविवारी मी सगळ्यांचा डोळा चुकवून गाडीचं ऑइल बघत होतो, खुणेपेक्षा कमी दिसलं की थोडं घालत होतो. कुणाला सांगितलं नाही, कारण बायको म्हणाली असती, विकायची गाडी, तिचे लाड कसले. बायको तडक आत गेली आणि धुण्याच्या मशीनमागून तिचा डबा घेऊन आली. तीही घालत होती. तिनेही सांगितलं नव्हतं, कारण मी हसलो असतो. (हसलो असतोच.) मग आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, 'मी आपलं थोडंसं, एकदाच.' आणि शिवणयंत्राच्या कपाटातून तिने जो डबा काढला तो आमचे दोन्ही डबे पोटात घेईल एवढा होता.

बाकीचं बायकोने मिस्त्रीला समजावलं. दुधाचा कॅन गळ्यापर्यंत भरून खडबडीत रस्त्याने आणला की वर फेस येतो, तसंच ऑइल जास्त झालं की इंजिनातला फिरता दांडा ते घुसळून काढतो, फेस होतो, आणि बिचारा पंप ऑइलच्या जागी हवा गिळत बसतो. हवेला दाब कुठून येणार? सुई पडणारच. मिस्त्री म्हणाला, 'मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.' त्याला कुणी अडवलं नाही. तरी चेंबर खाली आलाच आहे म्हटल्यावर त्याने पंप सोडवला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला. चक्रांच्या दातांवर ओरखडा नाही. पातळ पोलादी पट्ट्या घेऊन त्याने चक्रं आणि भिंत यांच्यातली फट तपासली, पंपाच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून तीही बाजू पाहिली. दाब फार वाढला तर वाट मोकळी करणारी स्प्रिंग आणि तिच्या पुढचा छोटा दट्ट्या काढून पाहिला, तो साबण लावल्यासारखा आतबाहेर होत होता. जाळीत कचऱ्याचा कण नाही. मिस्त्रीने तो पंप दोन्ही हातांत धरला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, 'डॉक्टरीणबाईंनी ऑइल कधी चुकवलं नाही. एवढ्या वर्षांचा पंप असा मी पाहिलेला नाही.' मला तुझा फार अभिमान वाटला.

पण प्रश्न उरलाच. आम्ही तिघंही मूर्ख आहोत हे मान्य, पण ऑइल मोजायच्या काठीवर खूण असताना तिघांनाही ते कमी का दिसावं? तेव्हा मिस्त्रीने काठी हातात घेतली, नाकाशी धरली आणि म्हणाला की ही या गाडीची नव्हेच. नव्हतीच. मूळची काठी कधीतरी डोंगरात मोडली म्हणून तू तुझ्या औषधांच्या पेटीतली पोलादी सळई वाकवून बसवली होतीस, आणि कानशीने तिच्यावर खुणा केल्या होत्यास. खुणा दोन. खालची आणि वरची. आम्ही आपलं धरून चाललो की खालची म्हणजे कमी, वरची म्हणजे भरलेलं, जगात सगळीकडे असतं तसं. वरच्या खुणेपर्यंत ऑइल काही येईना, म्हणून आम्ही ओततोय. शेवटी आईने आठवल्यासारखं करून सांगितलं की वन्संच्या गाडीचा डिझेलचा काटा कधी चाललाच नाही, त्या चालकाची गादी उचलून टाकीत हीच काठी बुडवायच्या, डिझेल वरच्या खुणेखाली असलं तर डोंगर चढायचा नाही असा त्यांचा नियम. मी गादी उचलली, काठी पुसली, टाकीत बुडवली, वरची खूण टाकीच्या मध्यावर आली. बरोबर.

म्हणजे वरची खूण डिझेलची! एकाच काठीने इंजिन आणि टाकी दोन्ही मोजायची, आणि जगात कुणालाही न सांगता निघून जायचं! आत्या, आजवर या घरात काहीही मोडलं की तू माझ्याकडे बघायचीस. या वेळी गुन्हेगार सापडला आहे, आणि तो लेकीच्या घरी खिडकीशी बसून वॉकरवर टॉवेल वाळत घालतो आहे.

पंप परत बसवतानाचीही एक गंमत झाली. कोरडा पंप नुसता फिरतो, ऑइल धरत नाही, म्हणून बसवण्याआधी तो आतून व्हॅसलीनने ठासून भरायचा असतो, हे मिस्त्रीने सांगितलं तेव्हा बायकोला वाटलं तो थट्टा करतोय. तिची नवी बाटली गेली, मग आईची टाचांना लावायची गेली, तेव्हा कुठे पंपाचं पोट भरलं. मग चेंबर लागला, ऑइल खालच्या खुणेपर्यंत (खालच्या!) घातलं, डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतंच फिरवलं. सुई हलेना. पुन्हा फिरवलं, हलेना. मिस्त्रीने पुन्हा टोपी काढायला हात नेला आणि तेवढ्यात सुई उठली, सरळ मधोमध गेली आणि तिथेच उभी राहिली. मग डिझेल सोडून इंजिन सुरू केलं, तापू दिलं, टाकीचा चढ चढून आलो. सुई हलली नाही. अंगणात गाडी तशीच सुरू ठेवून आम्ही सगळे तो आवाज ऐकत उभे राहिलो, आणि न ठरवता सगळ्यांनीच मागच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. असा आवाज आला की तू तिथून ओरडायचीस, 'उगाच तापवू नको रे तिला!' कुणी ओरडलं नाही. मला रडू आलं, आत्या. बायकोने फडकं पुढे केलं ते ऑइलचं निघालं, म्हणून आता माझ्या डोळ्याखालीही काळं आहे.

तर अशी हकीगत. गाडी आता उत्तम आहे, गिऱ्हाईक थांबलेलं आहे, आणि तुझा हुकूम माझ्या खिशात आहे. तो पाळायचा की कसं, तेवढं कळव. ताईला नमस्कार, डॉक्टरांना सहानुभूती.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस),
भाचा

ता. क. : वर गिऱ्हाईक थांबलेलं आहे असं लिहिलं ते खरं, पण ते कशासाठी थांबलंय ते लिहायचं राहिलं. गाडी नीट झाल्याचं मी त्याला अजून कळवलेलं नाही. त्याने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा पंपाची तपासणी चालू आहे असं सांगितलं. पाणीपुरवठ्यात इतकी वर्षं काढल्यामुळे हे वाक्य माझ्या तोंडी फार सहज येतं. पण माणूस भला आहे, त्याला किती दिवस फसवू? तू एक ओळ लिही, 'विकू नकोस' एवढीच. डॉक्टर ताईला म्हणाले आहेत की घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत तू आपल्या पायांनी चालून दाखवलंस की प्रवासाला परवानगी. तेवढं कर ना. मी गाडी घेऊनच न्यायला येतो.

ता. क. दुसरा : बायको म्हणते, खालच्या खुणेवर 'ऑइल' आणि वरच्या खुणेवर 'डिझेल' असं कोरून घ्यावं. मी म्हटलं, ज्या बाईची काठी आहे तिला विचारल्याशिवाय नको. पाकीट पोस्टात टाकायला आई नेते आहे, तिला भाजीला जायचंच आहे.

वन्सं, नमस्कार. पाकीट उघडून लिहिते आहे, मुलाला माहीत नाही. ती वरची खूण डिझेलची आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुमच्याबरोबर त्या गाडीतून कमी का फिरले? एकदा डोंगरात तुम्हीच अंधारात चुकून जास्त ऑइल घातलं होतंत, सुई नाचायला लागली, आणि पंप गेला म्हणून दिवसभर तोंड पाडून बसला होतात. मग जास्तीचं काढल्यावर ती सुधारली. 'वहिनी, हे कुणाला सांगू नका' म्हणालात. मी सांगितलं नाही, आणि विसरलेही नाही. तुमची एकही चूक मी विसरलेले नाही. गिऱ्हाईक येणार असं कळलं त्या दिवशी दुपारी मोठा डबा आणला आणि ओतला. पोरं आधीपासून ओतत होती हे मला ठाऊक नव्हतं, नाहीतर थोडं कमी ओतलं असतं. तुमच्या पंपाला काही झालं नाही हे बघितलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

गाडी विकायचीच असली तर स्वतः येऊन विका, माझ्यासमोर. तुमचे भाऊ गेले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी आलात हे मला कळत नव्हतं असं समजू नका. तेव्हा तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, आता मी बोलावते आहे. संध्याकाळी मी अजून फाटकापासून टाकीपर्यंत चालते. तुम्ही होतात तेव्हा, गुडघे दुखत असले तरी तुमच्या पुढे राहायचं म्हणून मी पाय उचलायची, आणि तुम्ही माझ्या पुढे जायचं म्हणून. आता रोज मीच आधी पोचते. त्यात काही मजा नाही, वन्सं.